मुलांच्या तोंडचा शाप

नाताळ जवळ आला की कुठल्या ना कुठल्या मैफिलीत एक छोटंसं फ्रेंच गाणं हमखास येतं. जेमतेम अडीच मिनिटांचं. लोक ऐकतात, डोळे पुसतात, "किती गोड!" म्हणतात आणि पुढच्या गाण्याकडे वळतात. माझं भांडण या 'किती गोड'शी आहे. गेली दोन-तीन वर्षं घरात आणि मित्रांत यावर इतके वाद घातलेत की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

गाणं क्लोद देबुसीचं. १९१५ सालच्या डिसेंबरमधलं. फ्रेंच नावाचा अर्थ साधारण असा : 'ज्यांना आता घर उरलं नाही अशा मुलांचा नोएल'. हा 'नोएल' शब्द जरा समजून घ्यायला हवा. फ्रेंचमध्ये नोएल म्हणजे नाताळचा सण, नोएल म्हणजे नाताळचं गाणं, आणि मुलांच्या लेखी नोएल म्हणजे रात्री येऊन खाऊ-खेळणी ठेवून जाणारा तो म्हाताराही. देबुसीने तिन्ही अर्थ एकाच हाकेत घेतलेत. दुसरी गोष्ट बुटांची. आपल्याला सिनेमांमुळे नाताळचे मोजे माहीत असतात, पण फ्रान्समधली मुलं त्या रात्री आपले बूट चुलीपाशी ठेवतात, जुन्या काळी लाकडी बूट. गाण्यातली मुलं सांगतात की आमच्याकडे ते बूटही राहिले नाहीत. म्हणजे पायात घालायला काही नाही, आणि भेट ठेवायलाही जागा नाही. एवढ्याशा तपशिलात केवढं सांगून टाकलंय! देबुसी मोठा होता यात वादच नाही.

शब्दही त्याचेच. कुण्या कवीकडून घेतलेले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गाण्यात काय आहे ते सरळ गद्यात सांगतो. पहिला अर्धा भाग मुलांची कैफियत. घर गेलं. शत्रूने सगळं नेलं, झोपायची खाटही सोडली नाही. शाळा जाळली, गुरुजींसकट. चर्च जाळलं, आणि ज्याला पळता आलं नाही असा एक म्हातारा त्यातच गेला. बाबा लढाईवर आहेत, आई हे सगळं बघायच्या आधीच वारली. इथपर्यंत ऐकताना ज्याच्या घशात काही अडकत नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

पण गाणं इथे संपत नाही. मुलं मग नोएलकडे वळतात आणि मागणं मागतात. पहिलं मागणं काय? त्यांच्या घरी जाऊ नकोस, पुन्हा कधीच जाऊ नकोस, त्यांना शिक्षा कर. मग सूड मागतात. फ्रान्सच्या मुलांचा, बेल्जियमच्या मुलांचा, सर्बियाच्या, पोलंडच्या. कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमा कर. आम्हाला खेळणी नकोत, रोजची भाकरी मिळेल असं कर. आणि शेवटी, आवाज चढवून, फ्रान्सच्या मुलांना विजय दे.

हे गोड आहे?

ताईची धाकटी ज्या कॉयरमध्ये गाते, तिथे गेल्या डिसेंबरात हे गाणं झालं. रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमपत्रिका दोन्ही ताईने पाठवली. पत्रिकेत गाण्याच्या नावाखाली 'युद्धात अनाथ झालेल्या मुलांची हृदयस्पर्शी प्रार्थना' असं लिहिलं होतं आणि भाषांतर फक्त पहिल्या अर्ध्या भागाचं दिलं होतं. घर, खाट, शाळा, आई. पुढचं गायब. गायलं मात्र पूर्ण! म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या वीस-पंचवीस मुलांनी स्वच्छ उच्चारात, छान सुरात, भर सभागृहात शिक्षेची आणि सूडाची मागणी केली, आणि समोर बसलेल्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही कळलं नाही. मुलांनाही नाही. फोनवर मी भाचीला उरलेल्या शब्दांचा अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे त्या दुसऱ्या मुलांकडे सँटा जायचाच नाही?" बघा. पत्रिका छापणाऱ्यांना जे सुचलं नाही, ते तिला एका मिनिटात कळलं.

नोएल 'त्यांच्या' घरी जातो तो कुणासाठी? सेनापतीसाठी नाही, चर्च जाळणाऱ्या शिपायासाठी नाही. तो जातो मुलांसाठी. 'त्यांच्या घरी जाऊ नकोस' हे वाक्य वरवर शत्रूबद्दल आहे, पण त्याचा फटका बसतो तो घरात झोपलेल्या पोराला. गाण्यात 'जर्मन मुलं' हे शब्द कुठेच नाहीत. असायची गरजही नाही.

आता समोरून येणारे मुद्दे एकेक घेऊ.

पहिला, आणि सगळ्यांत आळशी मुद्दा : संगीताला भाषा नसते, सूर बघा. सूर बघतोच आहे. सुरावट बोलण्याच्या इतकी जवळ आहे की अक्षर न् अक्षर कानावर पडतं, ताना नाहीत, आलापी नाही. पियानो खाली घाईघाईने धावत राहतो, पळणाऱ्या पायांसारखा. ज्या माणसाने १९०२ साली 'पेलेआस ए मेलिसांद' हा अख्खा ऑपेरा फ्रेंच बोलण्याच्या चालीवर उभा केला, त्याच्या गाण्यात शब्द बाजूला ठेवा म्हणणं म्हणजे पुरणपोळी खा पण पुरण सोडून द्या म्हणण्यासारखं आहे. या गाण्याला पूर्ण ऑर्केस्ट्रा लावू द्यायलाही तो तयार नव्हता, शब्द त्यात बुडतील म्हणून, अशी आठवण त्याच्या ओळखीतल्या संगीतकाराने नोंदवून ठेवली आहे. त्याला प्रत्येक शब्द पोचवायचा होता. तुम्ही तो पोचू देत नाही आणि वर म्हणता आम्ही देबुसीचे चाहते.

दुसरा मुद्दा वजनदार आहे : अहो, तो मरणाच्या दारात होता. खरं आहे. देबुसी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता, आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर, ७ डिसेंबर १९१५ ला ऑपरेशन. हे गाणं ऑपरेशनच्या अगदी तोंडावरचं. पुन्हा गाणं असं त्याने लिहिलंच नाही, हे शेवटचं. घरात दहा वर्षांची मुलगी, शूशू. सैन्यात जाण्याचं वय गेलेलं, अंगात ताकद नाही, आजूबाजूची पोरं मरताहेत. त्याच वर्षी दोन पियानोंसाठी लिहिलेल्या 'आँ ब्लां ए न्वार'चा मधला भाग त्याने युद्धात मारल्या गेलेल्या झाक शार्लो या तरुणाला अर्पण केला आहे. माणूस तळमळत होता हे मला पूर्ण मान्य आहे.

पण कारण समजलं म्हणजे वाक्याचा अर्थ बदलतो का? आजारपणामुळे त्याने हे का लिहिलं ते कळतं. आज आपण ते कसं गावं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. आणि आजारी माणसाने रागात लिहिलेलं पत्र आपण त्याच्यावरच्या प्रेमापोटी झाकून ठेवू, एक वेळ समजेल. पण तेच पत्र लहान मुलांना पाठ करायला लावून वर 'हृदयस्पर्शी' म्हणायचं, हे कुठलं प्रेम?

तिसरा मुद्दा : राग खरा होता, अत्याचार झालेच होते. हेही शंभर टक्के खरं, आणि हे न सांगता गाण्याला नावं ठेवणं लबाडी होईल. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधलं लूवेन गाव पेटवलं, विद्यापीठाचं ग्रंथालय लाखो पुस्तकांसकट जाळलं. सप्टेंबरमध्ये रॅंसच्या कॅथेड्रलवर तोफा डागल्या. पहिल्या काही महिन्यांत बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये सुमारे साडेसहा हजार साध्या नागरिकांना मुद्दाम ठार मारलं गेलं. म्हणजे शाळा-चर्च जाळल्याची कैफियत देबुसीने हवेतून काढलेली नाही.

त्याच वेळी अफवांचंही पीक आलं होतं. जर्मन शिपाई लहान मुलांचे हात तोडतात ही गोष्ट फ्रान्सभर पसरली, चित्रं निघाली, आणि तसं एकही प्रकरण कधी सिद्ध झालं नाही. देबुसीने ती अफवा गाण्यात घेतली नाही. घर, खाट, शाळा, चर्च, भाकरी एवढ्यावरच थांबला. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग माझी तक्रार काय? तक्रार रागाबद्दल नाहीच. तो राग कुणाच्या तोंडी घातलाय, त्याबद्दल आहे.

गाणं पुन्हा नीट ऐका. यातलं मूल कुठे बोलतं आणि मोठा माणूस कुठे बोलतो ते ओळखता येतं. खाट नेली, हे मूल बोलतं. बूट नाहीत, हे मूल बोलतं. पण सूडाच्या मागणीत फ्रान्स, बेल्जियम, सर्बिया, पोलंड अशी यादी कोण करतं? पेपर वाचणारा माणूस करतो. कुठलं बेघर पोर मित्रराष्ट्रांची यादी म्हणून वर 'कुणी राहिलं असेल तर क्षमा' म्हणतं? सभेत आभार मानणारा माणूस तसं म्हणतो. आणि खेळणी नकोत म्हणणारं मूल? भाकरी आधी मागेल, जरूर मागेल, उपाशी पोराला भूक कळते. पण खेळणी आपणहून नाकारणारं मूल हे मोठ्यांच्या कल्पनेतलं शहाणं बाळ असतं. विजयाचं तर विचारूच नका. विजय मिळाला तर पोरं त्याचं काय करणार?

पोलंडचं नाव तर अगदीच अवघड आहे. तेव्हा पोलंड नावाचं राज्य नकाशावर नव्हतंच, तो प्रदेश रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला होता. पोलिश तरुण तिन्ही सैन्यांत भरती झालेले, म्हणजे एकमेकांसमोर उभे. ज्या पोलिश पोरासाठी हे गाणं सूड मागतं, त्याचाच बाप 'त्यांच्या' गणवेशात असू शकत होता. मग नोएलने त्याच्या घरी जायचं की नाही? गाण्याकडे उत्तर नाही. कारण हा प्रश्न मुलाला पडतो, यादी करणाऱ्याला पडत नाही.

हे एकट्या देबुसीचं नाही. युद्धकाळात फ्रान्समधल्या शाळांतली गणितं, निबंध, चित्रं, खेळ, सगळं युद्धमय झालं होतं. स्तेफान ओदुआं-रुझो या फ्रेंच इतिहासकाराने १९९३ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पलीकडे जर्मनीत एर्न्स्ट लिसाउअरने १९१४ मध्ये इंग्लंडच्या द्वेषाचं गीत लिहिलं, कैसरने त्याला पदक दिलं, शाळेतल्या पोरांनी ते पाठ केलं. दोन्हीकडची पोरं एकमेकांना शाप देत होती आणि शाप लिहून देणारे दोन्हीकडे मोठे होते. पुढे १९१६-१७ च्या हिवाळ्यात ब्रिटिश नाकेबंदी आणि बटाट्याचं बुडालेलं पीक यांनी जर्मनीतल्या घराघरांत सलगमावर दिवस काढायची वेळ आली. त्या डिसेंबरात 'त्यांच्या' घरी नोएल खरंच फारसा गेला नसणार.

देबुसीला याची कल्पना यायला हवी होती असं मला वाटतं, कारण युद्धात पोरांचं काय होतं हे त्याने स्वतः पाहिलं होतं. १८७१ मध्ये तो आठ वर्षांचा असताना त्याचा बाप पॅरिस कम्यूनच्या बाजूने लढला, पकडला गेला, तुरुंगात गेला. आणि जर्मन म्हणजे फक्त जाळपोळ करणारे, असंही त्याला वाटत नव्हतं. तरुणपणी दोन वेळा बायरॉइटची वारी केली, वाग्नर ऐकायला. याच युद्धात, १९१७ मध्ये, पॅरिसच्या प्रकाशकासाठी बाखच्या व्हायोलिन सोनाटांचं संपादन केलं. बाख शुद्ध करून छापायचा आणि बाखच्या देशातल्या पोरांचा नाताळ बंद करा म्हणायचं, दोन्ही एकाच माणसाने केलं.

आता कुणी म्हणेल की त्या काळात याहून वेगळं शक्यच नव्हतं. शक्य होतं. मोरिस रावेल बघा. १९१४-१५ च्या त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने विनावाद्य कॉयरसाठी तीन छोटी गाणी लिहिली, आणि गंमत म्हणजे शब्दही स्वतःच लिहिले. त्यातल्या मधल्या गाण्यात एका मुलीचा प्रियकर लढाईवर गेलाय आणि स्वर्गातले तीन पक्षी तिच्याकडे येतात. एक निळा, एक पांढरा, एक लाल. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग. म्हणजे रावेलही काही हवेत तरंगत नव्हता. वजन कमी म्हणून सैन्याने नाकारलं तरी मागे लागून लागून शेवटी भरती झाला, १९१६ मध्ये व्हेर्दँच्या परिसरात लष्करी ट्रक चालवत होता. पण त्याच्या गाण्यात शत्रू नाहीच. आहे ते फक्त नुकसान. आणि १९१६ च्या जूनमध्ये, तिथूनच, त्याने एक पत्र लिहिलं. पॅरिसमध्ये जर्मन-ऑस्ट्रियन संगीतावर बंदी घाला म्हणणारी एक लीग निघाली होती, सँ-साँसारखी मोठी नावं तिच्यात होती. रावेलने सही करायला नकार दिला. शोनबर्ग ऑस्ट्रियन आहे याने मला फरक पडत नाही, त्यांचं ऐकणं बंद केलं तर आपलंच संगीत खुरटेल, अशा अर्थाचं कळवलं. हे कुठे बसून? आघाडीवर. पॅरिसमधल्या बैठकीच्या खोलीतून नव्हे.

म्हणून 'काळच तसा होता' हे वाक्य मला चालत नाही. काळ दोघांचाही तोच होता.

एवढं सगळं ऐकल्यावर चौथा गट उभा राहतो : मग गाऊच नका, टाकून द्या. या लोकांशी माझं पहिल्या गटापेक्षाही मोठं भांडण आहे. लिसाउअरची कविता आज कुणी म्हणत नाही, ती मेली. तिच्यापासून कुणाला धोका नाही, आणि तिच्यातून कुणी काही शिकतही नाही. देबुसीचं गाणं जिवंत आहे, कारण ते सुंदर आहे. त्याची पहिली निम्मी कैफियत इतकी खरी आहे की तुम्ही विरघळता, आणि विरघळलेल्या अवस्थेत दुसऱ्या निम्म्या भागाला मान डोलावता. खरं दुःख पुढे करून त्याच्या आडून सूड कसा आत शिरतो, हे अडीच मिनिटांत दाखवणारी दुसरी चीज मला माहीत नाही. देबुसीला ते दाखवायचं नव्हतं, त्याला खरोखरच सूड हवा होता. पण शंभर वर्षांनंतर आपल्याला ते दिसू शकतं. दिसत असून फेकून द्यायचं कशाला? दुःख खरं असलं की त्याच्या मागून येणारी मागणीही आपोआप खरी ठरते, असं समजणारे लोक काही १९१८ मध्ये संपले नाहीत. रोज टीव्ही लावला की दिसतात.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गा. पण शब्द पूर्ण छापा, पूर्ण भाषांतर द्या, आणि खाली साल लिहा. त्याने हे गाणं एका आवाजासाठीही लिहिलंय आणि मुलांच्या कॉयरसाठीही. शक्य असेल तर मोठ्या माणसाने एकट्याने गावं. कारण हे मोठ्या माणसाचंच बोलणं आहे, आणि मोठ्या आवाजात ते तसं ऐकू येतं. अंगावर येतं, यायलाच हवं. कॉयरमध्ये गायचं असेल तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आधी समोर बसवून अर्थ सांगा. त्यांना वाद घालू द्या, कुणाला गायचं नसेल तर गाऊ नये. आठ-नऊ वर्षांच्यांना मात्र सोडा. ज्याचा अर्थ आईबापांसमोर छापायची आपल्याला लाज वाटते, ते पोरांच्या तोंडून वदवून घेऊ नये. आणि जोडीला रावेलचं ते तीन पक्ष्यांचं गाणं ठेवा, आधी किंवा नंतर. काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

ज्यांना हे सगळं फार कडक वाटतंय त्यांनी एकदा शब्द समोर ठेवून गाणं ऐकावं आणि मग खाली काय शिव्या द्यायच्या त्या द्याव्यात. आणि यंदा कुणी मैफिलीची पत्रिका छापत असेल आणि पूर्ण भाषांतराला जागा पुरत नसेल, तर प्रायोजकांची नावं जरा कमी करा.